सिस्टर एवढे प्रश्न का विचारतात?

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित अवतार. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही, ज्यांच्या इअरफोनचा एकच कान चालतो, किंवा ज्यांना हे घरी आईबाबांना वाचून दाखवायचंय, त्यांच्यासाठी. बोललेलंच लिहिलंय, फक्त थोडं नीटनेटकं करून.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. श्रोता मराठवाड्यातला, नोकरी पुण्यात. तो म्हणतो, "ताई, आमच्या गावच्या उपकेंद्रात सिस्टर बीपी-शुगरचं क्लिनिक चालवतात. आईला पाठवलं, तर अर्धा तास नुसते प्रश्न. झोप कशी लागते, घरात कोण कोण असतं, चप्पल कुठली घालता. आई वैतागून घरी आली. शुगर वाढलीय तर गोळी वाढवून द्या ना! आता तिला तालुक्याला मोठ्या डॉक्टरकडेच न्यावं का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी स्वतः नर्स आहे. काही वर्षं वॉर्डात काढली, आता गावपातळीवर काम करते. आणि खरं सांगू का, हा प्रश्न मला जवळपास रोज ऐकू येतो. कधी पेशंटकडून, कधी त्यांच्या मुलांकडून. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते आणि मग उलगडून सांगते. ते प्रश्न म्हणजेच तपासणी आहे. आणि बऱ्याचदा गोळी का लागू पडत नाही याचं कारण रक्ताच्या रिपोर्टमध्ये नसतं, त्या प्रश्नांच्या उत्तरात असतं.

दोन मिनिटांत काय काय मावतं?

२०१७ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. ६७ देशांमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतात, याचा. स्वीडनमध्ये साधारण साडेबावीस मिनिटं. बांगलादेशात ४८ सेकंद. आणि भारतात? सुमारे दोन मिनिटं.

यात डॉक्टरांना दोष द्यायचा नाहीये हं मला. बाहेर शंभर जणांची रांग असेल तर कुणीही काय करणार? पण दोन मिनिटांत काय होतं ते बघा. पेशंट आत येतो, बसेपर्यंत वीस सेकंद. रिपोर्ट पुढे करतो. साखर २१०. "पथ्य पाळता का?" "हो." "गोळ्या घेता का?" "हो." मग डॉक्टरांच्या हातात उरतं काय? गोळी वाढवणं.

आता साखर जास्त असण्याची कारणं मोजा. डोस खरंच कमी असेल. गोळी घेतलीच जात नसेल. चुकीच्या वेळी घेतली जात असेल. दुसऱ्याच कुणाबरोबर वाटून घेतली जात असेल. कुठेतरी जंतुसंसर्ग असेल, त्यानंही साखर वाढते. दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड चालू असेल. झोप नसेल, ताण असेल. यातल्या एकाच कारणावर डोस वाढवणं हा नेमका उपाय आहे. बाकीच्या वेळी तो वाया जातो, किंवा उलटतो. कसा उलटतो, तेही पुढे सांगते.

नर्सचं क्लिनिक ही काही नवी टूम नाही

नर्सचं क्लिनिक म्हणजे काय, तर जिथे ठरावीक आजारांच्या किंवा ठरावीक गटातल्या पेशंटची तपासणी, सल्ला, औषधांचा पाठपुरावा आणि गरज पडली तर पुढे पाठवण्याचा निर्णय, हे सगळं प्रशिक्षित नर्स स्वतःच्या जबाबदारीवर करते. डॉक्टर पाठीशी असतात, पण प्रत्येक पेशंटमागे खुर्चीत बसलेले नसतात.

१९६५ मध्ये अमेरिकेत, कोलोरॅडो विद्यापीठात, लॉरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्यातल्या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं मिळून नर्स प्रॅक्टिशनर घडवणारा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. कारण आपल्या ओळखीचंच होतं. गावाकडच्या आणि गरीब वस्त्यांमधल्या मुलांपर्यंत पुरेसे डॉक्टर पोहोचत नव्हते. ब्रिटनमध्ये नर्सच्या औषध लिहून देण्याच्या अधिकारावर बरीच वर्षं चर्चा चालली. आधी मोजक्याच औषधांची यादी मिळाली, आणि २००६ पासून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना जवळपास सगळी औषधं लिहायची मुभा मिळाली. आज तिथे दमा, मधुमेह, हृदयाच्या जुन्या आजारांची नेहमीची तपासणी बऱ्याच ठिकाणी नर्सच करते.

"पण मग उपचार कच्चे राहत नाहीत का?" हा प्रश्न संशोधकांनीही विचारला. २०१८ मध्ये कॉक्रेन या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटानं १८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. प्राथमिक उपचारांत डॉक्टरांच्या जागी प्रशिक्षित नर्सनं काम केलं तर काय होतं, हे त्यात तपासलं होतं. निष्कर्ष असा, की पेशंटच्या तब्येतीवरचे परिणाम बहुतेक बाबतीत डॉक्टरांइतकेच किंवा थोडे बरे होते. पेशंट जरा जास्त समाधानी होते. आणि नर्स प्रत्येकाला जास्त वेळ देत होत्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. यातल्या जवळपास सगळ्या चाचण्या श्रीमंत देशांतल्या होत्या. त्यामुळे "तिकडे जमलं म्हणजे इकडे आपोआप जमेल" असं मी म्हणणार नाही. प्रशिक्षण, औषधं आणि वेळ हे तिन्ही दिलं तरच ते जमतं.

आपल्याकडे हे कुठे मिळतं?

तुमच्या गावातच असेल, कदाचित पाटी बदललेली असेल. पूर्वीचं उपकेंद्र. साधारण ५,००० लोकवस्तीला एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० ला एक. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत यांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत व्हायला लागलं. २०२३ मध्ये नाव झालं आयुष्मान आरोग्य मंदिर. लोक अजून उपकेंद्रच म्हणतात, मीही तेच म्हणते.

तिथे एक नवं पद आलं. समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले सीएचओ. नर्सिंगची पदवी किंवा डिप्लोमा झालेले, नाहीतर बीएएमएस झालेले, आणि त्यावर सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण. महाराष्ट्रात या जागेवर बीएएमएसवाले बरेच आहेत. पण जिथे नर्सिंगचे सीएचओ बसतात, तिथे ते नर्सचं क्लिनिकच असतं. सोबतीला एएनएम आणि आशाताई.

काम कसं चालतं? आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. मग उपकेंद्रात बीपी, साखर, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी. आजार आहे हे पक्कं करणं आणि औषध सुरू करणं हे प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर करतात. त्यानंतर दर महिन्याची गोळी, मोजमाप आणि लक्ष ठेवणं गावातच. अडलं तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं.

बीपीच्या बाबतीत या रचनेचा पाया आधीच घातला गेला होता. २०१७ मध्ये पंजाब, मध्य प्रदेश, केरळ, तेलंगणा आणि महाराष्ट्र अशा पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे त्यात सुरुवातीला होते. सूत्र साधं होतं. सगळीकडे एकच ठरलेला औषधोपचार, गोळ्यांचा पुरवठा तुटू द्यायचा नाही, प्रत्येक पेशंटची नोंद, आणि मोजमाप व पाठपुराव्याचं काम नर्ससकट सगळ्या टीमकडे. मोठ्या मशीन नाहीत, महागडं औषध नाही. पेशंट महिन्याच्या महिन्याला परत येतोय ना, एवढ्यावर डोळा.

अर्ध्या तासात सिस्टर काय बघतात?

आता मुख्य गोष्ट. आपण एक मावशी समजू. खरी कुणी एक बाई नाही, मी भेटलेल्या अनेक जणींची मिळून केलेली. वय ५५, शेतमजुरी, चार वर्षांपासून शुगर. दोन प्रकारच्या गोळ्या चालू. तरी उपाशीपोटी साखर २१०.

सगळ्यात आधी बीपी. तेही घाईनं नाही. आल्यावर पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाही. लघवी तुंबलेली नको. अर्ध्या तासात चहा, तंबाखू नको. हात छातीच्या उंचीवर ठेवायचा आणि मोजताना गप्पा बंद. दोनदा मोजायचं. धापा टाकत आलेल्या माणसाचं लगेच बीपी घेतलं तर नसलेला आजार दिसतो.

मग गोळ्या. "गोळ्या घेता का?" असं विचारायचंच नाही. कुणीही हो म्हणतं. म्हणायचं, "मावशी, पिशवी रिकामी करा बघू टेबलावर." मग पट्ट्या मोजायच्या. आज महिना संपला, म्हणजे चार-दोन गोळ्या उरायला हव्यात. इथे एका पाकिटातल्या बावीस उरल्यात, आणि दुसरं पाकीट मात्र वेळेआधीच संपलंय. का? हळूहळू कळतं. काकांनाही शुगर आहे, पण त्यांचं नाव नोंदलेलं नाही. त्यांना मावशी आपल्यातल्या देतात. आणि बावीस उरल्या त्या सकाळच्या. त्या मावशींनी स्वतःच बंद केल्यात.

स्वतःच का बंद केल्या, हे कळायला जेवणाचं विचारावं लागतं. "काय खाता?" यापेक्षा "पहिला घास किती वाजता पोटात जातो?" हा प्रश्न कामाचा. मावशी सांगतात, सातला गोळी घेऊन रानात जाते, भाकरी एक वाजता. मग अकराच्या सुमाराला काय होतं? "घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळी मला बाधते."

गोळी बाधत नाहीये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे तिला कळत नाही. त्यामुळे पोटात काही नसताना घेतली की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. एकादशी, चतुर्थी, नवरात्राच्या उपासांतही हेच घडतं. तर मावशींनी जिवाला घाबरून सकाळची गोळी सोडली, आणि म्हणून साखर वाढली. आता विचार करा, कागदावरचे २१० बघून कुणी हीच गोळी वाढवली असती आणि घरच्यांनी समोर उभं राहून ती सातला गिळायला लावली असती, तर? मावशी बांधावर बेशुद्ध पडल्या असत्या. मी म्हटलं ना, डोस उलटतो, तो असा.

पुढे पाय. "चप्पल कुठली घालता" हा प्रश्न त्यासाठीच. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. काटा रुतला, चटका बसला, तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि काहींचं बोट, काहींचा पाय काढावा लागतो. तपासायला लागतो फक्त नायलॉनचा एक जाडसर धागा, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट. डोळे मिटायला सांगून तळव्याला ठरावीक ठिकाणी टेकवायचा आणि विचारायचं, कळतंय का? बोटांच्या बेचक्यातही बघायचं, तिथे चिखल्या असतात. पाच मिनिटांचं काम आहे. पण त्यासाठी कुणीतरी खाली वाकून मावशींचा पाय हातात घ्यावा लागतो.

मग झोप. "रात्री किती वेळा उठता?" चार वेळा, लघवीला. साखर वाढली की हे होतंच. पण संडास घराबाहेर, अंधारात, म्हणून मावशी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. आणि अंगावर पांढरं जातं, खाज सुटते, हे त्या चार वर्षांत कुणालाच बोललेल्या नाहीत. वाढलेल्या साखरेत बुरशीचा हा संसर्ग वारंवार होतो. बाईमाणूस समोर असेल आणि दार लावलेलं असेल, तरच हे बाहेर येतं.

डोळे. "ही पट्टी वाचून दाखवता का?" वाचता येत नाही. शाळेचा प्रश्न आहे की नजरेचा? दोन्हीची उत्तरं वेगळी. नजरेचा असेल तर पडद्याची तपासणी हवी, जी शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा करायचीच असते.

आणि शेवटी मन. इथे दोनच प्रश्न पुरतात सुरुवातीला. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतंय का? उत्तर "हो" आलं तर पुढचे प्रश्न. घरात कुणाचं करावं लागतं, कर्ज आहे का, दवाखान्यात जायचं कोण ठरवतं, पैसे कुणाच्या हातात असतात.

याला एक शिस्त आहे

हे ऐकून वाटेल, चांगली मनमोकळी बाई दिसते, गप्पा मारते. गप्पांसारखं वाटतं खरं, पण त्यामागे आराखडा असतो आणि तो आम्हाला शिकवला जातो. मार्जरी गॉर्डन या अमेरिकन नर्स-प्राध्यापिकेनं माणसाच्या जगण्याचे ११ भाग पाडले. तब्येतीबद्दलची स्वतःची समज, खाणं, मल-मूत्र, हालचाल, झोप, संवेदना आणि आकलन, स्वतःकडे बघण्याची नजर, नाती, लैंगिक आरोग्य, ताण सोसायची ताकद आणि श्रद्धा. एडिंबरोत नॅन्सी रोपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८० मध्ये रोजच्या जगण्यातल्या १२ क्रियांचा असाच एक आराखडा मांडला. श्वास घेण्यापासून मरणाला सामोरं जाण्यापर्यंत.

वर मावशींना विचारलेला एकेक प्रश्न यातल्या कुठल्या ना कुठल्या खणात बसतो. एखादा खण रिकामा राहिला की आम्हाला कळतं, इथे आपण विचारलंच नाही. समग्र तपासणी म्हणतात ती हीच. समग्र म्हणजे सगळं काही विचारणं नव्हे. काही सुटणार नाही अशा क्रमानं विचारणं.

आणि प्रश्नाचे शब्द आपल्या मातीतले लागतात. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे मिश्री. फॉर्मवर प्रश्न असतो, "तंबाखूचं सेवन करता का?" बायका म्हणतात, "छे, नाही." खोटं बोलत नाहीत त्या! तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून मळतात तो. पण विचारा, "दात कशानं घासता? मिश्री लावता का?" लगेच, "हो, सकाळ-संध्याकाळ. त्याशिवाय साफ होत नाही." मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. एक शब्द बदलला आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका कागदावर आला. मग तोंड उघडायला लावून, टॉर्च मारून पांढरे-लाल चट्टे शोधायचे. हा शब्द कुठल्याही परदेशी आराखड्यात सापडणार नाही.

दुखणं एकाच जागी नसतं

सिसिली सॉन्डर्स हे नाव लक्षात ठेवा. ब्रिटनमधली ही बाई आधी नर्स झाली, मग पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयात समाजसेविका झाली, आणि मग डॉक्टर. १९६७ मध्ये तिनं लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारलं. मरणाच्या दारातल्या पेशंटचं दुखणं चार अंगांनी बघायचं, असं तिनं शिकवलं. शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं. एकाला सोडून दुसऱ्यावर औषध दिलं तर दुखणं राहतंच.

हे काही फक्त शेवटच्या आजारापुरतं नाही. आपल्याकडचं उदाहरण बघा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. यातल्या कित्येकींची तक्रार सुरू झाली होती पांढरं जाणं, पोट दुखणं, पाळीचा त्रास इथून. आता खण आठवा. फडावर राहायला पालाची खोपी. संडास नाही, न्हाणी नाही, पुरेसं पाणी नाही. पाळीतही पहाटेपासून मोळ्या उचलायच्या. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. लग्नं लवकर, बाळंतपणं लवकर. हे काहीच न विचारता फक्त "पोटात दुखतं" एवढंच ऐकलं, तर उत्तर म्हणून पिशवी काढणं पुढे येतं. न विचारलेल्या प्रश्नाची किंमत कधीकधी एवढी असते.

मग डॉक्टर नकोत का?

हवेतच! उलट या अर्ध्या तासामुळे डॉक्टरांची ती दोन मिनिटं सोन्याची होतात. मावशींच्या कागदावर आता चार ओळी असतील. सकाळची गोळी तीन आठवडे बंद, कारण उपाशीपोटी घेतल्यावर अकराला घाम आणि थरथर. डाव्या तळव्याला संवेदना कमी. खाज आणि पांढरं जाणं. नवऱ्यालाही शुगर, नोंद नाही. हे वाचून डॉक्टर गोळी वाढवायच्या ऐवजी तिची वेळ बदलतील, किंवा गोळीच बदलतील. तो निर्णय त्यांचा. आणि काकांचं नाव आजच नोंदलं जाईल. मावशींना पंधरा दिवसांनी परत बोलावलं जाईल, आणि आल्या नाहीत तर आशाताई घरी जाऊन बघेल.

काही वेळा मात्र कुणाच्याच प्रश्नांसाठी थांबायचं नाही. छातीत दुखतंय, दम लागलाय, तोंड वाकडं झालंय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, शुद्ध हरपतेय. थेट १०८ फिरवायचा. चांगली नर्सही इथे एकच काम पटकन करते, पेशंटला पुढे पाठवते.

आणि अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर हे सगळं फारच गोड वाटेल. सीएचओ हे पद कंत्राटी आहे. मानधनाचा काही भाग कामगिरीच्या आकड्यांवर ठरतो. आज किती जणांची तपासणी झाली, किती नोंदी ॲपमध्ये चढल्या. या आकड्यांत "पट्ट्या मोजल्या", "पाय हातात घेऊन बघितला" याला रकाना नसतो. एकाच माणसाची माहिती तीन ठिकाणी भरायची असेल, तर तो वेळ पेशंटच्याच वाट्यातून जातो. नर्सच्या क्लिनिकमधून वेळ काढून घेतला, तर उरतं ते फक्त गोळ्या वाटायचं खिडकीकाम. मग तुमची आई म्हणते ते खरं होईल, की त्यापेक्षा तालुक्याला गेलेलं बरं.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्यापैकी बरेच जण गावापासून लांब आहात. तरी या पाच गोष्टी फोनवरूनही जमतात.

एक. आईबाबा उपकेंद्रात जातील तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्यायला सांगा. सरकारी, खासगी, आयुर्वेदिक, शेजारणीनं दिलेली, सगळ्या. एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी चालू असलेलं मी कितीदा तरी पाहिलंय.

दोन. फोनवर "गोळी घेतली का?" हे विचारणं बंद करा. "आज पहिली भाकरी किती वाजता खाल्ली? गोळी त्याच्या आधी की नंतर?" असं विचारा. उत्तर ऐकून तुम्हालाच धक्का बसेल. पण डोस किंवा वेळ स्वतःहून बदलायला सांगू नका. ते सिस्टरना किंवा डॉक्टरांना कळवा.

तीन. सोबत गेलात तर आईला बोलू द्या. आपण फार पटकन उत्तर देतो, "ती ना, गोड खाते." आणि काही वेळ खोलीबाहेर थांबा. काही गोष्टी मुलासमोर, सुनेसमोर निघत नाहीत.

चार. शुगर असेल तर स्पष्ट विचारा, "सिस्टर, पाय तपासता का? डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कुठे होईल?" मागितलं की मिळण्याची शक्यता वाढते.

पाच. तुम्ही स्वतः तिशी ओलांडली असेल, तर तुमचंही बीपी मोजून घ्या. बीपीचं बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं. "मला काही होत नाही" हा पुरावा नाही.

आता राहिला त्या तालुक्याच्या डॉक्टरांचा प्रश्न. न्या की, जरूर न्या. पण आधी सिस्टरांचे प्रश्न पुरे होऊ द्या, आणि त्यांनी लिहिलेला कागद सोबत न्या.

तुमच्या घरी अशी कुठली गोष्ट आहे का, जी कुणी वेगळ्या शब्दांत विचारल्यावरच बाहेर आली? मिश्रीसारखी? व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत हं. निवडक नोट्स नाव न घेता पुढच्या भागात ऐकवेन. तोवर काळजी घ्या. भेटूया!